शंखातल्या माशांचे पाणी

आमच्या गावच्या बोअरचे पाणी माणसाने पिण्यास अयोग्य आहे, हे मी कित्येक वर्षे लेखी सांगत होतो. आधी ग्रामपंचायतीला अर्ज, उत्तर न आल्यास स्मरणपत्र, मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषद. माझी सारी नोकरी दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत गेली. पोच घेतल्याखेरीज कागद हातचा सोडायचा नाही, ही सवय तिथली. त्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर चढे, डाळ शिजत नसे, आणि त्याच पाण्याने माझ्या पत्नीची मूत्रपिंडे निकामी केली, असे माझे ठाम मत होते. सांगलीच्या डॉक्टरांनी "तसं खात्रीनं म्हणता येणार नाही," असे सांगितले, तेव्हा मी त्यांच्याकडेही ते लेखी मागितले. त्यांनी दिले नाही.

डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा आम्ही एसटीने सांगलीला जात असू. रुग्णालयासमोर शोभेच्या माशांचे एक दुकान होते. परतीच्या गाडीला अवकाश असला की पत्नी तिथल्या स्टुलावर टेकायची. तिथेच तिला ते मासे दिसले. बोटाच्या दोन पेरांएवढे, मातकट रंगाचे, आफ्रिकेतल्या कुठल्याशा सरोवरातले, सिक्लिड जातीचे. राहायला त्यांना रिकामा शंख लागतो. अंडी आणि पिल्लेही त्याच शंखात.

"मावशी, तुमच्याकडं पाणी भांड्याला पांढरं धरतंय का?" दुकानदाराने विचारले.

"लय धरतंय. ह्यांचा निम्मा जलम त्याच्यावर कागद लिवण्यात गेला."

"मग झालं की! ह्यास्नी तसलंच जड पाणी मानवतंय."

असे सहा मासे पिशवीतल्या पाण्यात हेलकावत आमच्या घरी आले आणि काचेच्या टाकीत राहू लागले. शंख आणण्याचे काम माझ्याकडे आले. कालव्याच्या कडेने उसाच्या बांधावर शंखी गोगलगायींची रिकामी कवचे पडलेली असतात. त्यांतली लहान लहान निवडून मी पिशवीभर आणली. तिने ती भाताच्या पातेल्यात उकळली. पातेल्याविषयी मी तोंडी निषेध नोंदवला, तो फेटाळला गेला.

त्या माशांची वागणूक मी प्रथम तुच्छतेने आणि पुढे खुर्ची ओढून पाहू लागलो. प्रत्येकाचा शंख ठरलेला, त्याभोवतीची वाळूही ठरलेली. तोंडात वाळू भरून ते ती दूर नेऊन टाकत आणि शंख हळूहळू पुरून घेत. वर फक्त तोंड उघडे. शेजाऱ्याने हद्द ओलांडली की भांडण. त्यांतला मोठा नर तर पत्नीने हात आत घातला की थेट तिच्या बोटावर धावून जाई.

"आवं, बघा तरी," ती हसत म्हणाली, "एवढासा हाय, पर सगळ्या दुनियेला नोटीस काडतोय. अगदी तुमच्यावर गेलाय."

दर रविवारी सकाळी ती टाकीतले एक बादली पाणी काढी आणि तेवढेच नळाचे घाली. काढलेले पाणी कढीपत्त्याला. पुढे बादली उचलवेना, तेव्हा ती सांगे आणि मी करी. एकदा मी अर्ज लिहीत बसलो असता ती म्हणाली, "आता बास करा की. ह्या पाण्यावर कुणीतरी सुकानं जगतंय." मी मान वर न करता पुढचा परिच्छेद लिहिला.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. मी अर्ज थांबवले नाहीत. उलट त्यांची भाषा अधिक कडक झाली. अखेर यंदा ग्रामपंचायतीचे पत्र आले. आपली मागणी मान्य करण्यात येत असून बोअर बंद करून नदीचे शुद्ध केलेले पाणी सोडण्यात येत आहे, असे पहिल्याच वाक्यात होते. मी ते वाक्य तिच्या फोटोसमोर मोठ्याने वाचले आणि पत्र फाइलला लावले.

त्या रविवारी नळाला नवे पाणी आले. त्याला दवाखान्यासारखा वास होता. तो वास मला स्वच्छतेचा वाटला. नेहमीप्रमाणे मी एक बादली काढली, एक घातली आणि वर्तमानपत्र घेऊन बसलो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करत होते. भूक लागली असेल, असे म्हणून मी चिमूटभर खाणे टाकले. थोड्या वेळाने पाहिले तो टाकीत एकही मासा दिसेना. खाणे तसेच तरंगत होते.

ते सगळे आपापल्या शंखात शिरले होते. मी एकेक शंख उचलून तळहातावर उपडा केला. मोठा नर सहज बाहेर आला. त्याच्यामागून आणखी चार. एकही हलत नव्हता.

सहाव्या शंखातून काही पडले नाही. आत किंचित हालचाल होती. कढीपत्त्यासाठी काढलेले जुने पाणी सुदैवाने बादलीत तसेच होते. शंख मी त्यात सोडला. मग फाइल काढली. पत्राचे दुसरे वाक्य असे होते: जलवाहिनी निर्जंतुक करण्यासाठी सुरुवातीचे काही दिवस टीसीएल पावडरचे (क्लोरीनचे) प्रमाण अधिक ठेवण्यात येईल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका काढणाऱ्या मी पहिल्या वाक्यापुढे वाचलेच नव्हते.

दोन कळश्या घेऊन मी बोअरवर गेलो. पाणी सोडणारा कर्मचारी पंपघराच्या पायरीवर तंबाखू मळत होता. दाराला नवे कुलूप होते.

"आवं साहेब, तुमच्याच कागदानं कुलूप लागलंय," तो म्हणाला. "आन आता तुमालाच पायजे व्हय? अर्ज आणलाय का?"

चेष्टा म्हणून विचारले होते. मी तिथेच कळशीवर कागद ठेवून अर्ज लिहू लागलो. 'पाणी' या शब्दापर्यंत आलो आणि पुढे लिहिता येईना. त्याने माझ्याकडे पाहिले, कागद बाजूला सारला आणि कुलूप उघडले. "मावशीचं मासं व्हय?" एवढेच त्याने विचारले. कळश्या त्याने स्वतः भरल्या.

सहाव्या शंखातली ती मादी जगली आहे. दर रविवारी मी त्याच पाण्याच्या कळश्या आणतो. तो माणूस किती दिवस कुलूप उघडेल, ठाऊक नाही. बाकीचे पाच शंख टाकीत तसेच आहेत. नर गेल्यापासून तिने वाळू हलवलेली नाही. मी हात आत घातला की ती अंगावर येत नाही, मागे सरकत शंखात नाहीशी होते. ती पुन्हा बाहेर येईपर्यंत मी हात पाण्यात तसाच ठेवतो.