बर्फ, बुळकांडी आणि पाटलांचा राजा

थर्मासमधला बर्फ वितळत होता आणि समोर दोन माणसं एका प्याद्याकडे टक लावून बसली होती. मी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं आणि घाई तर मुळीच नव्हती.

मी तेव्हा जिल्हा परिषदेत गुरांचा डॉक्टर होतो. महाराष्ट्र नवा, जिल्हा परिषद त्याहून नवी आणि मी सगळ्यांत नवा. धामणगाव बढ्यापासून बैलगाडीनं जावं लागे असं ते गाव. नाल्यापलीकडच्या वस्तीत बुळकांडी आली होती. बुळकांडी म्हणजे गुरांचा सर्वांत वाईट रोग. ताप, तोंडात फोड, हगवण, आणि मग दावणच्या दावण रिकामी. औषध नाही, फक्त लस. ती सुकी, काचेच्या कुपीत येई आणि सतत बर्फात ठेवावी लागे. बर्फ संपला की लस वाया. पुढची कधी येईल, हे वरच्या साहेबांनाही माहीत नसे.

निघताना साहेब म्हणाले होते, "लस परत आणायची नाही. गुरांत जाऊ दे, नाहीतर तू परत येऊ नको."

गावात पोचलो तर खोडा रिकामा. खोडा म्हणजे जनावर अडकवून उभं करायची लाकडी चौकट. एकही जनावर नाही. सगळा गाव कापसाच्या वखारीच्या ओट्यावर लोटलेला. मध्ये बुद्धिबळाचा पट. एका बाजूला तुळशीराम पाटील, वरच्या आळीचे. दुसऱ्या बाजूला नामदेव सरपंच, खालच्या आळीचे.

"ढोरं कुठं आहेत?" मी विचारलं.

"डाव संपल्याबिगर ढोर निंघत नाही, डॉक्टरसाहेब," पाटील पटावरची नजर न हलवता म्हणाले.

"काऊन?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं. मी मूळचा नांदुऱ्याकडचा, राग आला की पुस्तकी भाषा आपोआप गळून पडते.

सरपंचांनी समजावलं. "सुई टोचली का गाय आटते, बैल बसते, असं लोक म्हनतात. मंग पयले ढोर कोनाचं टोचाचं? म्हनून डाव मांडला. जो हारन, त्याच्या आळीचे ढोरं पयले."

"कधी मांडला?"

"काल दुपारी."

"आणि संपणार कधी?"

"संपन ना. उद्या-परवा."

माझ्याबरोबर इंगळे नावाचे स्टॉकमन होते, म्हणजे लसीकरणातले माझे मदतनीस. त्यांनी थर्मास कानाशी हलवला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. आत बर्फापेक्षा पाणीच जास्त वाजत होतं.

नागपूरच्या होस्टेलात आम्ही जलद बुद्धिबळ खेळत असू. मेसची घंटा व्हायच्या आत डाव संपवायचा. मी तेच इथं लादलं. "मी दहापर्यंत मोजेन. तेवढ्यात चाल झाली नाही, तर डाव हरला. कबूल नसेल तर मी चाललो."

"मोजून बुद्धिबय?" पाटील हादरले. "आमी काय गोन्या उतरवून राह्यलो का?"

पण म्हातारेकोतारे माझ्या बाजूनं बोलले. नाल्यापलीकडचा वास त्यांच्या नाकात गेला होता. डाव पुढं सुरू झाला.

वाचकांसाठी एक गोष्ट सांगतो. जलद खेळात सगळं मोजत बसायला वेळ नसतो. तिथं 'कॉम्बिनेशन' दिसावं लागतं. म्हणजे एकमेकीला जोडलेल्या दोन-चार चाली. पहिली बहुधा शुद्ध वेडेपणाची वाटते, कारण तिच्यात आपलंच मोठं मोहरं फुकट जातं. ते शोधताना मी प्रत्येक मोहरं बघत नाही. गुरांच्या बाजारात शंभर जनावरांत डोळा नेमका कान पाडलेल्या बैलावर जातो, तसा पटावर तो कोंडलेल्या राजावर जातो.

पाटलांचा राजा असाच कोंडला होता. पायी पायी चालत कोपऱ्यात गेलेला, पुढं दोन प्यादी, शेजारी स्वतःचाच हत्ती जाऊन बसेल अशी एकच मोकळी जागा. सरपंचांनी त्या जागेत आपला वजीर घोड्याच्या जोरावर ठेवून शह द्यायचा. घोड्याचा जोर असल्यानं राजा तो खाऊ शकत नाही, हत्तीनंच खावा लागतो. हत्ती तिथं बसला की राजा चारी बाजूंनी बंद. मग घोड्याचा शह, आणि मात! दोन चालींत डाव खलास.

कोण हरतो याच्याशी मला काडीचंही देणंघेणं नव्हतं. मला कोणीतरी हरायला हवं होतं.

"एक... दोन..." मी मोजत होतो आणि सरपंच भलत्याच उंटाला हात लावत होते. मी खाकरलो. सरपंचांनी वर पाहिलं. मी त्यांच्या वजिराकडे पाहिलं, मग त्या मोकळ्या घराकडे, मग पुन्हा वजिराकडे. सहाव्या आकड्याला गावातल्या प्रत्येक माणसाला कळलं की डॉक्टर कुठं बघतोय. पंच म्हणून मी इतका निर्लज्ज होतो आणि कोणी हरकतही घेतली नाही.

सरपंचांनी वजीर ठेवला. "शह!"

खालची आळी किंचाळली. "आबे नामदेवा, वजीर गेला ना!"

पाटलांनी हत्तीनं वजीर खाल्ला. सरपंचांना पुढचं आपोआप दिसलं. त्यांनी घोडा आपटला. "शह! आन मात!"

मी इंगळ्यांना ओरडून सांगितलं, "सिरिंज उकळा!"

पाटलांनी राजा उचलला, अडीच घरं उडवला आणि ज्या घोड्यानं शह दिला होता तो घोडाच खाऊन टाकला.

"हे काय?" मी म्हणालो.

"राजाची उडी," पाटील म्हणाले. "देशी डावात राजाले एक बार घोड्यावानी उडता येते."

हे मलाही ठाऊक होतं. "पण शह बसला की उडी जाते!"

"ते तुमच्या नागपूरले जात असन. आमच्या इथं नाही जात."

मी मदतीसाठी सरपंचांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता. "हाव, साहेब," ते म्हणाले. "आमच्या इथं उडते. तुमच्या नजरेच्या नादात म्या इसरलो."

मला खरंच रडू यायचं बाकी होतं. मग मनात आलं, बिघडलं काय? वजीर गेला, घोडा गेला, आता सरपंच हरतील. हारही चालेल. मी आणखी जोरात मोजू लागलो.

पाटलांना आता चेव चढला. विचार करायला वेळ नाही आणि समोर खायला भरपूर. उंट खाल्ला, दोन्ही हत्ती खाल्ले, प्यादी तर दाणे वेचल्यासारखी वेचली. वरची आळी प्रत्येक मोहऱ्याला टाळ्या पिटत होती. शेवटचं प्यादं पाटलांनी खाल्लं आणि सरपंच उडी मारून उभे राहिले.

"बुर्जी!"

टाळ्या थांबल्या. देशी खेळात समोरच्याकडे राजाखेरीज काहीच उरलं नाही, तर त्याला बुर्जी म्हणतात. एकट्या राजाला गाठण्यात मर्दुमकी ती काय? म्हणून डाव बरोबरीत. जिंकणाऱ्यानं समोरच्याचं एखादं प्यादं जपून ठेवायचं असतं. पाटलांनी टोपी काढून मांडीवर आपटली.

"आता?" मी विचारलं.

"आता दुसरा डाव," दोघं एका सुरात म्हणाले आणि मोहरी लावायला बसले.

मी पट ओढून घेतला आणि त्यावरच बसलो. आजवर एवढा चिडलो नव्हतो. "बरोबरी म्हणजे दोघं हरले! दोघांचं जनावर पयलं! दोन बैल आना, एकाच टायमाले टोचतो!"

ओट्यावर कुजबूज झाली. पाटलांनी सरपंचांकडे पाहिलं. "न्याय बरोबर हाय," पाटील म्हणाले. "पन एकाच टायमाले. पुढं-मांगं नाही."

उकळलेली सिरिंज एकच होती. दुसरी उकळेपर्यंत मी थर्मास छातीशी धरून सावलीत उभा होतो, तापलेलं लेकरू घ्यावं तसा. आत बर्फाचा शेवटचा खडा शिल्लक होता. मग खोड्याच्या एका अंगाला पाटलांचा बैल, दुसऱ्या अंगाला सरपंचांचा. एका सिरिंजेवर मी, दुसरीवर इंगळे. सारा गाव श्वास रोखून उभा, आणि मी मोठ्यानं म्हणालो, "एक, दोन, तीन!"

संध्याकाळपर्यंत गावातलं सगळं जनावर टोचून झालं. त्या लसीनं गुरांना थोडा ताप येतो, दूधही चार दिवस कमी होतं. तसं झालं, पण दोन्ही आळ्यांत सारखंच झालं, त्यामुळे भांडायला जागाच उरली नाही. बुळकांडी नाल्यापर्यंत आली. अलीकडे आली नाही.

बुलढाण्याला परतल्यावर साहेबांनी विचारलं, "एवढा उशीर का झाला?"

"राजा उडाला, साहेब."

तेव्हापासून मी कुठल्याही गावात गेलो, की आधी दोन सिरिंजा उकळायला लावायचो.