म्यूट केलेली प्रार्थना

जालन्याहून निघाले त्या सकाळी पप्पांनी माझ्या कपाळाला तेल लावलं आणि मग दोन्ही बॅगांनाही लावलं. पप्पा आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. पत्र्याचा हॉल, ढोलकी, टाळ्या, आत्म्यानं भरून, कुणालाच न कळणाऱ्या अन्य भाषांत चाललेली प्रार्थना, अशी आमची मंडळी. वीस-पंचवीस माणसं माझ्यावर हात ठेवून रडत होती आणि मी मेली घड्याळाकडे बघत होते. निघताना पप्पा म्हणाले, "पोरी, शिक, कमव. पण देवाच्या गोष्टींत फार डोकं घालू नकोस. डोकं जड झालं की गुडघे वाकत नाहीत."

मी मान हलवली. पण माझं डोकं आई गेली तेव्हाच जड झालं होतं. तिच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हा बाहेरून आलेल्या एका प्रचारकानं स्टेजवरून जाहीर केलं की ही बाई बरी झाली. आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं. दीड महिन्यात आई गेली. मग लोक हळूच म्हणू लागले, घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला असणार. कुणाचा, हे विचारायची आमच्यात पद्धत नव्हती.

अमेरिकेत, कॅरी गावात आता बारा वर्षं झाली. सकाळी फार्मा कंपनीतले कॉल, संध्याकाळी मुलीला सॉकरला ड्रॉप करणं, रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये उपासना. तुम्हा तिकडच्यांना वाटतं, इथं सगळं वेगळं असेल. कसलं काय! ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या एका बगसाठी तीन-तीन दिवस लॉग वाचणारे मंडळीतले आमचे भाऊ, रविवारी कुणी 'देवानं मला सांगितलं' म्हटलं की डोळे मिटून मोकळे. मला राग यायचा. आत्म्यावर नाही हो, आमच्या आळसावर.

लंच ब्रेकमध्ये गाडीत बसून मी ऑनलाइन थिऑलॉजीची डिग्री केली. मग ठरवलं, टाळ्या वाजवणाऱ्या आपल्याच माणसांचं अभ्यासमंडळ काढायचं. बाहेरचे विद्वान आमच्यावर लिहितात, आमचं आम्ही कधी लिहिणार? ठिकठिकाणच्या मराठी मंडळ्यांतून माझ्याशिवाय आठ जण जमले. महिन्यातून एका शनिवारी सकाळी झूमवर एकानं निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्याची पिसं काढायची.

पहिला निबंध माझा होता, प्रार्थना करूनही जे बरे झाले नाहीत त्यांच्याविषयी. सुरुवातीची प्रार्थना जॉर्जियातल्या अल्फारेटाच्या शमुवेलकाकांकडे होती. आमच्यात सगळ्यांत वडील तेच. पाच मिनिटं ठरली होती, वीस झाली. काका मराठीतून अन्य भाषेत गेले, आवाज चढला, थांबायचं नाव नाही. मी होस्ट. ऑफिसची सवय, हात आपोआप गेला आणि मी त्यांना म्यूट केलं. त्यांचे ओठ हलत राहिले. वर मी म्हणते कशी, "थँक यू काका, आता निबंधाकडे वळू या!"

डोळे उघडून त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि कॉल सोडला. मागोमाग पाच जण गेले. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर एकच चर्चा: हिनं पवित्र आत्म्याला म्यूट केलं. बातमी थेट जालन्याला पोचली. पप्पांनी फोनवर एवढंच विचारलं, "खरं का?" मी हो म्हटलं. नवरा म्हणाला, "सोड ना यार, कॅन्सल कर." मंडळ तर मी सोडणार नव्हते, मेले तरी नाही. पण चूक माझी होती. पुढच्या शनिवारी सहा तास ड्राइव्ह करून काकांच्या दारात उभी राहिले.

त्यांनी स्वतः चहा केला. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी माफी मागितली.

"चुकलीस खरी," काका म्हणाले. "पण मीही लबाडी केली. तू निबंधाचं नाव आधी पाठवलं होतंस. ते वाचलं आणि ठरवलं, आपण थांबायचंच नाही. थांबलो की तू वाचणार होतीस." मग भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे बोट केलं. "हिच्यासाठी चाळीस दिवस उपास केला मी. नंतर कुणी एका शब्दानं विचारलं नाही."

दोघंही रडलो. मग डोळे पुसून म्हणाले, "हं, वाच आता."

तिसऱ्या पानावर त्यांनी थांबवलं. "हे चूक आहे. आपल्या लोकांकडे याला काही उत्तर नाही, असं लिहिलंस. उत्तर नसेल. पण शेवटपर्यंत हिच्या उशाशी बसून आम्ही गात होतो. ते का नाही लिहिलंस?" डिग्रीच्या तीन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. ते पान मी त्यांच्याच टेबलावर फाडून पुन्हा लिहिलं.

गेलेले पाचही जण काकांनी एकेकाला फोन करून परत आणले. आता प्रार्थनेला घड्याळ लावत नाही आणि निबंध अर्धवट सोडत नाही. वेळ लागतो. लागू दे.

मागच्या महिन्यात तोच निबंध मी पूर्ण वाचला. तिकडे संध्याकाळ होती, पप्पा जालन्याहून पहिल्यांदाच कॉलवर आले होते, कॅमेरा बंद. वाचून झालं. मग पप्पांचा आवाज आला, "पोरी, तुझी आई बरी झाली म्हणून जाहीर झालं, त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं आमेन मी म्हटलं होतं. तिचं डायलिसिसही मीच थांबवलं."

हे मला माहीत नव्हतं. मी स्क्रीनवरचे चौकोन मोजले. आठ ते आणि नववे पप्पा, नऊच्या नऊ जागेवर होते. काका म्हणाले, "बोला पाळकसाहेब, आम्ही ऐकतोय," आणि पप्पा बोलत राहिले. आता मला कुणी घर कुठं विचारलं, तर मी या नऊ जणांची नावं सांगते.