वळणावरचं आडनाव

माझं आडनाव मी इथं लिहिणार नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. ते इतकं दुर्मीळ आहे की लिहिलं तर कोणीही पाच मिनिटांत आमच्या लीड्सच्या घराच्या दारात येऊन उभं राहील. आणि कोणीतरी आपल्याला मोजायला लागलं की कसं वाटतं, ते मी भोगलंय.

हे आडनाव मी लग्नात घेतलं, कॉव्हेंट्रीच्या रजिस्टर ऑफिसमध्ये. कोणाची जबरदस्ती नव्हती. माझ्याबरोबरच्या इंग्लिश पोरी तेव्हा आपापली आडनावं ठेवत होत्या. पण आमच्याकडे लग्न झालं की बाईला नवऱ्याचं आडनाव लागतं, मधे त्याचं नावही लागतं, आणि पुण्याहून आलेल्या मला त्यात काही वावगं वाटलं नाही. फॉर्मवर ठसठशीत लिहिलं: माझं नाव, त्याचं नाव, त्याचं आडनाव. नवरा, तिथलाच इंग्लिश माणूस, शेजारी उभा राहून बघत होता. "एवढं सगळं घेतेयस? नक्की?" असं त्यानं विचारलं. मला वाटलं, लाडात विचारतोय.

आता मराठी माणसाला आडनाव कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मूळ गाव कुठलं? तो मी त्याला लग्नाच्याही आधी, पहिल्याच भेटीत विचारला होता. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची, तो आमची मशिनं दुरुस्त करायला यायचा. "कॉव्हेंट्री," तो म्हणाला. "अरे, कॉव्हेंट्री कोणाचं मूळ गाव असतं का? वडील कारच्या कारखान्यात आले म्हणून तू तिथला. त्याआधीचं सांग." त्यानं कप खाली ठेवला आणि मशिनच्या पंपाबद्दल बोलायला लागला. कोणी तोंडाला कुलूप लावलं की मी जास्तच खोदते, हा माझा स्वभाव. पण तेव्हा प्रेमात होते, सोडून दिलं.

दर ख्रिसमसला आमच्याकडे एक तपकिरी पाकीट यायचं. त्याच्या आत्याचं. आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची धाकटी बहीण, लग्न न केलेली, सेव्हर्न नदीच्या एका मोठ्या वळणाशी वसलेल्या खेड्यात एकटी राहणारी. मी तिला कधी भेटले नव्हते. नवरा ते पाकीट न उघडताच रिसायकलिंगमध्ये टाकायचा. लेक तीनेक वर्षांची असताना मी ते बाहेर काढलं आणि उघडलं.

आत कार्ड नव्हतं, पत्र नव्हतं. हातानं काढलेला ब्रिटनचा नकाशा होता आणि त्यावर शाईचे ठिपके. लाल ठिपके इथे तिथे: कॉव्हेंट्रीला दोन, कार्डिफला एक, वर लीड्सला तीन. काळे ठिपके मात्र सगळे एकाच जागी, नदीच्या त्या वळणावर. इतके दाटीवाटीनं की कागद शाईनं ओला होऊन मागून फुगला होता. खाली आमचं आडनाव.

लीड्सला तीन. म्हणजे तो, आमची लेक आणि मी! माझं डोकं सणकलं. "ही कोण बाई मला मोजणारी? माझा तिच्याशी काय संबंध?" असं मी संध्याकाळी नवऱ्याला फडाफडा विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

हे आडनाव त्या वळणाशिवाय कुठंच नव्हतं. गावच्या चर्चच्या सगळ्यात जुन्या वहीत तेच, पानामागून पान. त्या घराण्याचं काम एकच होतं: भरती जे जे काठावर आणून टाकेल ते उचलायचं. लाकूड, जाळी, मेलेली मेंढरं, आणि माणसंही. पुढे लोक पोटापाण्यासाठी बाहेर पडले, कोणी कार्डिफच्या गोदीत, कोणी लीड्सच्या गिरण्यांत, त्याचे वडील कॉव्हेंट्रीला. "पण सगळे परत येतात," तो म्हणाला. आजोबांचा एक भाऊ कार्डिफच्या गोदीत बुडाला आणि थेट गावच्या चिखलात सापडला. वडिलांची इच्छा नसताना काकांनी त्यांची राख तिथंच नेली. ऑस्ट्रेलियाला गेलेला एक चुलतभाऊ तर पार्सलनं आला. मी हसले. तो हसला नाही.

तो सात वर्षांचा असताना आत्यानं त्याला बोटाला धरून चर्चच्या आवारात नेलं होतं. थडग्यांच्या रांगेच्या शेवटी नुसत्या गवताचा एक पट्टा होता. "ही तुझी," ती म्हणाली, जसं पाहुण्याला त्याची खोली दाखवावी तसं. त्यानंतर तो त्या गावी गेला नाही. हा एवढा सहा फुटी माणूस, मशिनच्या विजेला न घाबरणारा, गवताच्या त्या तुकड्याला घाबरत होता. मी त्याचा हात धरून बसले. मला त्याची दया आली आणि थोडा रागही आला, की एवढं मला लग्नाआधी सांगितलं नाहीस.

पुढच्या वर्षांपासून नकाशे मी जपून ठेवायला लागले, टेबलक्लॉथच्या कप्प्यात. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर आडनावांचे जुने नकाशेही पाहिले. सगळं बेट पांढरं आणि त्या वळणाशी एक डाग. मग शंभरेक वर्षांनी डागाला फुटलेले बारीक पाय, आणि मग ते पाय पुन्हा आत ओढून घेतलेले. आमच्याकडे आडनावं पसरतात, अमेरिकेपर्यंत जातात. हे आडनाव घरी चाललं होतं. आत्याचे नकाशे मी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायची. कॉव्हेंट्रीचे दोन्ही लाल ठिपके गेले, कार्डिफचा गेला. काळा डाग वाढला. आमचे तीन तेवढे तसेच राहिले, आणि पुढे लेक नोकरीसाठी कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये गेली तेव्हा त्यातला एक तिच्याबरोबर खाली सरकला. आम्ही आत्याला कळवलं नव्हतं. कुठून तरी समजलं असणार, आजकाल सगळं समजतं, असं मी स्वतःला सांगितलं.

नवरा आजारी पडला तो उठलाच नाही. शेवटच्या आठवड्यात त्यानं एकच मागितलं. "तिथं नको. कुठंही टाक मला, पण तिथं नेऊ नकोस." मी त्याच्या केसांतून हात फिरवत म्हटलं, "अरे, वाहत्या पाण्यात सोडते तुला. समुद्रात. बघू कोण परत आणतंय ते!" केवढ्या तोऱ्यात म्हणाले मी! त्याला बरं वाटलं. त्या रात्री तो शांत झोपला, एवढं मात्र खरं.

तो जुलैत गेला. लीड्सलाच दहन केलं. राख कुठं आणि कधी सोडायची म्हणून पुण्याला भावाला फोन केला. तो म्हणाला, "सर्वपित्री अमावस्या बघ ना सप्टेंबरात. त्याहून चांगला दिवस कुठला? दुपारची वेळ धर." मी आयुष्यभर लॅबमध्ये काम केलेली बाई, पंचांग कधी उघडलं नव्हतं. पण माणूस गेला की हाताला काहीतरी धरायला लागतं. मी फोनवर पंचांग उतरवून घेतलं, वेळ लिहून घेतली आणि ट्रेननं कार्डिफला लेकीकडे गेले. राखेचा डबा मांडीवर होता.

दुपारी आम्ही दोघी कार्डिफजवळच्या पेनार्थच्या किनाऱ्यावर गेलो. पाणी खूप आत होतं. गोट्यांवरून ठेचकाळत खाली उतरलो. सुती पिशवीतली राख सोडली. मग इंडियन शॉपमधून आणलेला नारळ, कुंकू लावून, शेंडीला त्याचा निळा विणलेला टाय बांधून, मी पाण्यात ठेवला. टाय त्याच्या वडिलांचा होता; तो प्रत्येक महत्त्वाच्या दिवशी घालायचा, आमच्या लग्नातही. हात जोडले. माझे बूट भिजले म्हणून मागे सरले, पुन्हा भिजले, पुन्हा सरले. रडण्याच्या भरात त्याचं काही वाटलं नाही.

"आई," लेक म्हणाली, "नारळ उलटी चाललीय." तिचं मराठी असंच आहे, इथं जन्मलेलं. मी डोळे पुसून बघितलं. खुला समुद्र उजवीकडे होता, डावीकडे खाडी जमिनीत आत शिरत होती. नारळ डावीकडे चालला होता, काठाला धरून, चांगला वेगानं, जसं काही त्याला कोणी बोलावलंय. "जाईल गं फिरून," मी म्हटलं. वाहतं पाणी नेतं, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्या मुळा-मुठेनं कधी कोणाला परत आणलं नाही.

त्या ख्रिसमसला पाकीट आलं. तो गेल्याचं मी आत्याला कळवलं नव्हतं, मुद्दामच. नकाशा उघडला. लीड्सला एकच लाल ठिपका होता, माझा. वळणावर एक काळा जास्त, त्याची शाई इतरांपेक्षा ताजी. तो मी टेबलावर पालथा घातला. मग राग आला, आणि राग आला की मला धीर येतो. मी पत्र लिहिलं: मी भेटायला येतेय. उत्तरात एकच ओळ होती. मार्चमधली एक तारीख, आणि "दहाच्या आधी पोहोच, गमबूट आण".

आदल्या रात्री लेकीकडे कार्डिफला राहिले आणि तिला सांगितलं की ग्लॉस्टरचं कॅथीड्रल बघायला जाते. कार्डिफहून ती ट्रेन नदीच्या अगदी कडेनं जाते. ग्लॉस्टरहून टॅक्सी केली. आत्याबाई नव्वदीच्या पुढच्या, पण ताठ. दारातच उभ्या होत्या. "उशीर केलास," म्हणाल्या, आणि चहा न विचारता मला थेट काठावर घेऊन गेल्या.

नदी तपकिरी होती, निवांत खाली, समुद्राकडे वाहत होती. मग ती थांबली. खरंच थांबली, पाण्यावरचं एक पीस आमच्यासमोर जागच्या जागी उभं राहिलं. पक्षी ओरडायचे बंद झाले. दुरून घरघर ऐकू आली आणि वळणावरून एक लाट आली, या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेघ, चिखलाच्या रंगाची, नदीच्या पोटावरून वर, उलटी. तिच्यामागून सगळी नदी उलटी वाहू लागली. फांद्या, बाटल्या, एक अख्खं लाकडी दार आमच्या पायाशी येऊन लागलं.

"अमावस्येला आणि पौर्णिमेला मोठी येते," आत्याबाई म्हणाल्या. "सगळ्यात मोठी मार्चमध्ये आणि सप्टेंबरात. तुम्ही कुठं सोडलंत त्याला?"

मी सांगितलं. दिवसही सांगितला. त्यांनी मान हलवली. "चांगला दिवस निवडलास. मुद्दाम निवडायचा म्हटला असता तरी याहून चांगला मिळाला नसता."

कपाळ माझं! वर्षभर थांबले असते, कुठल्याही साध्या मंगळवारी, ओहोटीला सोडला असता, तर तो सुटला असता. मीच सर्वपित्री शोधली. मीच त्याला त्याच्या सगळ्या पितरांच्या हातात नेऊन दिलं, पंचांग बघून.

घरात त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत नारळ ठेवलेला होता. चिखलानं काळा, शेंडीला निळा टाय. "आठवड्यानं आला," त्या म्हणाल्या. "फळ कसलं ते मला कळेना. पण टाय मी विणलाय, माझ्या भावासाठी. माझे टाके मी ओळखणार नाही का? म्हणून ठिपका दिला. पुरला मात्र नाही. म्हटलं, तिला विचारल्याशिवाय कसं पुरायचं."

म्हणजे सगळ्याचा उलगडा झाला होता. भूत नाही, भानामती नाही. एक म्हातारी, एक टाय आणि भरतीचं पाणी. तरी मला त्या खुर्चीत बसवेना. मी म्हटलं, "त्याला इथं यायचं नव्हतं. फार घाबरायचा तो." "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मीच त्याला घाबरवलं. मला वाटलं होतं, जागा आहे हे कळलं तर पोराला बरं वाटेल." त्यांचे डोळे भरून आले होते. एवढ्या वर्षांचा माझा राग कुठं ठेवू तेच मला कळेना.

चर्चच्या आवारात त्यांनी जागा दाखवली. "ही माझी. ही त्याची." मी खाली बसले आणि गवतावर हात ठेवला. त्याची राख बाहेर त्या चिखलात होती, काढून नेणं माझ्या हातात नव्हतं. वचन तर मोडलंच होतं. मग उरलं काय? घाबरलेल्या माणसाला एकटं टाकून जायचं का?

"त्याच्या शेजारची माझी," मी म्हटलं. "लिहून ठेवा."

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. "ती तुझीच आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या लग्नापासून."

मी उठून उभी राहिले, तेव्हा माझ्या जागेच्या पलीकडे, भिंतीपर्यंत, अजून एका माणसाइतकं गवत दिसलं. मी त्याबद्दल विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. नारळ आम्ही दोघींनी त्याच्या जागी पुरला. टाय मी सोडवून घेतला.

संध्याकाळी कार्डिफला लेकीनं माझ्या बॅगेतून छत्री काढताना तो टाय बघितला. लग्न झाल्यावरही तिनं आमचंच आडनाव ठेवलंय, बाबाचं म्हणून. "आई, हे तर आपण पाण्यात..." ती खालीच बसली. मग मी सगळं सांगितलं: लाट, नारळ, आत्याबाई, आणि बाबाच्या शेजारची माझी जागा. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. ती घाबरली नाही. तिनं टाय गालाला लावला.

"बरं झालं बाबा एकटा नाही राहणार," ती म्हणाली. आणि मग, अगदी सहज, चहा हवाय का विचारावं तसं, "आई, आणि माझी कुठे आहे?"

"तुझी काही नाही तिथं," मी म्हटलं आणि कणीक भिजवायला घेतली.