नसलेलं पाचवं मशीन

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात आत शिरणं फार सोपं होतं. बाहेर पडायला मात्र गेटपासवर इन्चार्जसाहेबांची सही लागे, आणि काम संपल्याशिवाय साहेब पेनाचं टोपण काढत नसत. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी नोकरीसाठी बंगळूरला राहत होतो. दुपारी माझी पुण्याची गाडी, आणि दुसऱ्या दिवशी साखरपुडा. तोही माझाच!

साहेब बंगळूरच्या जुन्या मराठी घरातले, बोलण्यात कन्नड मिसळलेलं. "स्वल्प राहिलंय म्हणालात ना, पुणेकर? सरी, बसा मग."

चहाच्या मिषाने बॅग घेऊन गेटापर्यंत गेलो. वॉचमन गोड हसला. "सही इल्ला, सार." आलो परत.

माझा पर्ल या संगणकी भाषेतला प्रोग्रॅम सेटिंगची फाइल वाचून मशीनांची यादी छापायचा. आत सगळा डब्यात डबा: मशीनच्या डब्यात अलार्मचा डबा, त्यात तापमानाची मर्यादा. या डब्यांना पर्लमध्ये हॅश म्हणतात. पुढेमागे लागेल म्हणून प्रोग्रॅम पाचव्या मशीनचीही चौकशी करायचा. कारखान्यात मशीनं चार. यादीत पाच!

"हे कुठे बसवलंत?" साहेब म्हणाले. "माझ्या केबिनमध्ये?"

फाइलमध्ये पाचव्याचा मागमूस नाही. मग मी चोर पकडायला प्रोग्रॅममध्ये तपासणीच्या ओळी घातल्या: सहाव्याच्या अलार्मची मर्यादा आहे का? सातव्याच्या? उत्तर दर वेळी "नाही", आणि पुढच्या यादीत सहावं, सातवं हजर!

"वा! फुकटात कारखाना वाढवताय की!"

घड्याळाकडे बघवेना. वैतागून माझ्याच ओळी पुसल्या, तर सहावं-सातवं गायब. तेव्हा डोक्यात उजेड पडला. आतल्या डब्याबद्दल विचारलं, की बाहेरचा नसला तरी पर्ल तो मुकाट्याने बनवून ठेवतो. माझी चौकशीच मशीनं जन्माला घालत होती! आधी बाहेरचा डबा आहे का ते विचारायचं, असेल तरच आत डोकावायचं. तसं केलं. यादीत चार.

साहेबांनी सही करता करता विचारलं, "लग्नानंतर मुलीला बंगळूर आवडेल ना हो?"

हा प्रश्न तोवर माझ्या डोक्यात नव्हताच. गाडी मिळाली, पण रात्रभर तो माझ्या उरावर बसून पुण्याला आला.

साखरपुड्याच्या गर्दीत तिला हळूच गाठलं. बंगळूरचं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"मी पसंत आहे ना?" आधी बाहेरच्या डब्याचंच विचारलं.

ती म्हणाली, "हे आज विचारताय?"