चौथ्या प्रश्नाला नाही

संगणकानं काही विचारलं की नाचणकरबाई दोन्ही हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवत. पडद्यावरचं इंग्रजी वाक्य आधी पुटपुटत, मग त्याचं मराठी करत. "या भागातली जुनी माहिती पुसू का, म्हणतोय." थोडा विचार करत आणि मगच एका बोटानं 'वाय' नाहीतर 'एन' दाबत. मी पुण्याहून पदविका घेऊन रत्नागिरीच्या त्या कचेरीत नवा लागलो होतो. मला हे बघताना चुळबूळ व्हायची.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जिल्ह्यात संगणक पाहिलेली माणसं थोडी होती. आमच्या कचेरीत एक मोठं यंत्र आणि त्याला जोडलेले तीन पडदे होते. बाई आधी वीस वर्षं टंकलेखनात होत्या. लग्न केलेलं नव्हतं, भावाकडे राहायच्या. त्या म्हणायच्या, "टाइपरायटरवर चुकलं तर आपण खोडरबर हातात घेतो. इथे खोडरबरच विचारतं, खोडू का? मग पुरतं ऐकून नको घ्यायला?"

त्या यंत्रात संगमेश्वर तालुक्यातल्या धरणात जाणाऱ्या गावांची यादी होती. घर कुणाचं, घरात माणसं किती, त्यातली मुंबईला किती, हे सगळं बाईंनी दीड वर्ष बसून भरलं होतं. पुनर्वसनाची जमीन या यादीवरून मिळायची. यादी भरून झाली तसे कागदी अर्ज रद्दीत गेले. "यंत्रात आहे ना? मग कागद कशाला?" असं साहेब म्हणाले होते.

त्या वर्षी यंत्राची माहिती साठवायची नवी डिस्क आली. ती बसवताना यंत्राची मांडणी नव्यानं करायची होती. त्यासाठीचा प्रोग्रॅम एकामागून एक तीसेक प्रश्न विचारायचा. बाईंनी दोनदा तो चालवून पाहिला, आणि दोन्ही वेळा मधेच थांबवला. साहेबांना घाई होती. वरचे अधिकारी यंत्र बघायला यायचे होते. ते मला म्हणाले, "पाध्ये, या प्रश्नांचा काही बंदोबस्त करता येईल का?" येत होता. एका ओळीची आज्ञा लिहिली की प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'हो' जात होतं. मला ती ठाऊक होती आणि ती ठाऊक असल्याचा अभिमानही होता.

डिस्क बसवायच्या दिवशी बाईंची आई इस्पितळात होती. अर्धी रजा टाकून निघताना त्या माझ्या टेबलाशी थांबल्या. "पाध्ये, मी येईपर्यंत थांबा. नाहीच थांबलात, तर चौथ्या प्रश्नाला नाही म्हणा हां. तो जुनी डिस्क पुसू का विचारतो." मी मान हलवली. ऐकलं होतं, पण लक्ष नव्हतं. दुपारी साहेब येऊन मागे उभे राहिले आणि मी ती ओळ चालवली. प्रश्न सरसर वर गेले, एकही वाचता आला नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

यादी गेली. आदल्या महिन्यात तिची प्रत काढून ठेवलेली टेप लावली, तर ती ओल धरून खराब झालेली.

चौकशीला मुंबईहून एक गृहस्थ आले. यंत्राची जबाबदारी कागदोपत्री बाईंची होती. साहेबांनी लिहून दिलं, की बाई कुणालाही सूचना न देता रजेवर गेल्या. गृहस्थांनी मला विचारलं, "त्यांनी तुम्हाला काही सांगितलं होतं?" बाई समोरच्या खुर्चीवर होत्या. मी म्हणालो, "आठवत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नव्हे. समोरच्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही की माणूस पाहतो, तसं.

बाईंची आवक-जावकला बदली झाली आणि वेतनवाढ थांबली. त्यांनी शंभर पानी वही आणली आणि आठवतील तशी नावं उतरवायला घेतली. रोज जेवणाच्या सुटीत, डबा न उघडता. वाडी, घर, बायका, पोरं. तीनशेच्या वर घरं त्यांनी लिहून काढली. साहेबांनी वही चाळून परत दिली. "बाई, आठवण हा पुरावा होत नाही."

पुन्हा पाहणी झाली तोवर खालच्या वाड्या पाण्यात गेल्या होत्या. मुंबईला गिरणीत असलेल्यांची घरं दाखवायला जागेवर काही उरलं नव्हतं. तिथला एक म्हातारा दर सोमवारी एसटीनं यायचा आणि बाईंसमोर बसायचा. "बाय, माजा नाव गावला काय?"

"शोधतेय हो बाबा," बाई म्हणायच्या. वहीत त्याचं नाव होतं.

वर्षभरानं मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "बाई, तुम्ही मला सांगितलं होतंत. मला तेव्हाही आठवत होतं."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मला सांगून काय होणार, पाध्ये? त्या गृहस्थांना लिहा. वही तरी ग्राह्य धरतील कदाचित."

मी हो म्हणालो. अर्ज दोनदा लिहिला. दोन्ही वेळा बहिणीच्या लग्नाचा विचार मनात आला, नोकरीचा आला, आणि मी तो फाडला. बाईंनी परत विचारलं नाही. पुढच्या शिमग्याआधी, निवृत्तीला चार वर्षं असताना, त्या हृदयविकारानं गेल्या. वही तोवर त्यांच्या टेबलाच्या खणातून कुठे गेली, कुणालाच सांगता आलं नाही.

तेराव्याला मी गेलो. अंगणात पाच-सहा माणसं एका बाजूला बसली होती, धोतर-टोपीतली. धरणाच्या गावची. एवढ्या लांबून आली होती. सोमवारी येणारा म्हातारा त्यांच्यात होता. जेवून हात धुताना त्यानं मला ओळखलं.

"तुमी बायंच्या कचेरीतले ना?"

"हो."

"बायंच्या हातना चूक झाली," तो म्हणाला, "पन बाय वायट नव्हती."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांची एसटी अडीचची होती. मी त्यांना थांब्यापर्यंत पोचवायला गेलो, गाडी येईपर्यंत त्यांच्यासोबत उभा राहिलो, आणि काहीही बोललो नाही.