बनाबाईच्या डोक्याचा कौल

उत्रोलीच्या बनाबाईचं डोकं दुखायचं म्हणजे उजव्या बाजूला कुणी कुदळ मारावी तसं दुखायचं. मग उजेड नको, बोलणं नको, पोटात पाणी ठरत नसे. एक-दोन दिवसांनी आपोआप थांबायचं आणि महिना उलटला नाही तोच पुन्हा हजर. पाहुणा तरी सांगून येतो.

उपाय करायचे बाकी ठेवले नव्हते. सुंठ उगाळून झाली, कपाळाला डाग देऊन झाला, भोरच्या डॉक्टरांचं कडू औषध झालं. कुणी म्हणालं, अर्धशिशीला सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खावी. जिलबीनं डोकं काही थांबलं नाही, पण नवरा कुंडलिक मात्र पहाटे न उठवता उठू लागला. दुखणं माणूस सोसतो. ते का आहे हेच कळलं नाही की थकतो. बनाबाई थकली होती.

शेवटी कुंडलिकानं भैरोबाला कौल लावला. गुरवानं देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"घरातल्या कुणाची नजर हाय का?" कुंडलिकानं विचारलं. उजवी पडली.

घरात माणसं तीन. तिसरी ठकुबाई, थोरली जाऊ, मूलबाळ नसलेली विधवा. दुखणं उठलं की बनाबाईचं डोकं मांडीवर घेऊन हीच चेपत बसायची. तिला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. फक्त त्या दिवशी बनाबाईनं तिच्या हातचं ताट घेतलं नाही. ठकुबाईनं ताट खाली ठेवलं, दोन लुगडी गाठोड्यात बांधली आणि विंझरला भावाकडे निघून गेली.

आणि डोकं थांबलं की हो! कुंडलिक गावभर देवाचा महिमा सांगत सुटला. मग ऐन भातलावणीत, चिखलात वाकलेली असताना, उजव्या बाजूला तीच कुदळ पडली.

बनाबाई बोलली नाही. दुखतं म्हणावं तर ठकुबाई निर्दोष ठरते, आणि निर्दोष बाईला आपण घराबाहेर काढलं हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दुखत्या डोक्यानं तिनं लावणी केली, भाकऱ्या थापल्या, "बरं हाय का आता?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला "व्हय" म्हटलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती पार पिचून गेली. दुखण्यानं कमी, त्या "व्हय"नं जास्त.

एका पहाटे ती नवऱ्याला म्हणाली, "म्या विंझरला चालले. डोकं काय थांबलेलं न्हाई. लावणीपासनं दुखतंय."

नसरापूरवरून उन्हातान्हात चालत ती पोचली तेव्हा दिवस कलला होता. ठकुबाई गोठ्यात वैरण टाकत होती. पदर पार डोळ्यांवर ओढलेला. बनाबाई तिच्या पायांशीच बसली.

"आक्का, डोकं अजून दुखतंय. तुमी गेल्यावर बी दुखतंय. आज बी. चूक आमची झाली."

ठकुबाई चिडेल, घालूनपाडून बोलेल, असं तिला वाटेत वाटत होतं. ठकुबाईनं हातातली पेंढी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "म्हंजी माज्या नजरंत कायबी न्हाई?"

"न्हाई वो आक्का."

"भावाला पोरगी झालीया. बसाया लागली आता," ठकुबाई म्हणाली. "नजर लागंल म्हून म्या अजून तिचं त्वांड बघितलं न्हाई."