समीर खाली बसेना

आत्ताच शाळेतून आले. डबा तसाच पडलाय. हे कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून लिहितेय.

संग्रामपूरकडची आमची शाळा लहान आहे. दर शनिवारी पहिली ते सातवीची मुलं मैदानात एकत्र बसतात. आठवड्यात ज्यानं मदत केली, त्याचं नाव उभं राहून घ्यायचं. नाव घेतलेलं मूल उठतं, टाळ्या वाजतात, मग दोघंही बसतात. ते उठेपर्यंत आभार मानणाऱ्यानं बसायचं नाही, हा मुलांचाच नियम.

आज पहिलीतला समीर उभा राहिला. "सुजाताताई मले हात धरून शाळेत आणे. तिले थँक्यू."

सुजाता सहावीतली. गेल्या आठवड्यात तापानं गेली.

कुणीच उठलं नाही. समीर मुलींच्या रांगेकडे बघत राहिला. मी जवळ जाऊन म्हटलं, "बस बेटा."

"पण ताई उठली नाही ना अजून, मॅडम."

तेवढ्यात सुजाताची मैत्रीण झोया त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग तिची रांग, मग मागची, मग सगळी शाळा. टाळी मात्र कुणीच वाजवली नाही.

वाटतं, काही दिवस हे शनिवारचं बसणं बंदच ठेवावं. मग वाटतं, या लेकरांनी मिळून रडायचं तरी कुठे?

पुढच्या शनिवारी समीर पुन्हा तिचंच नाव घेईल. तुम्हीच सांगा, मी त्याला खाली कसं बसवू?